छायाकृती व स्मृती

छायाकृती : व्यक्तीचे किंवा वस्तूचे रूप केवळ बाह्यरेषेने दाखवून आतील सर्व भाग एकाच, बहुधा काळ्या, रंगाने भरलेले चित्र. यूरोपीय भाषांत त्यास ‘सिल्युएट’ ही संज्ञा रूढ आहे. छायाकृतीत डोळे, ओठ, वर्ण, वस्त्रांचे रंग यांपैकी काहीही दिसत नाही. तथापि कपाळ, नाक, हनुवटी व मान यांच्या वळणांवरून परिचित व्यक्ती तत्काळ ओळखू येते. ज्याने त्या व्यक्तीस पाहिलेले आहे, त्याचे मन आतील रिकामी जागा स्वतःच्या आठवणींनी भरून काढते. ज्याने पाहिलेले नाही, त्याच्या दृष्टीने ती केवळ काळी आकृती असते. दूर गेलेल्या किंवा दिवंगत प्रियजनांची आठवण जपण्यासाठी छायेचा उपयोग प्राचीन काळापासून होत आला, त्याचे कारण या गुणात आहे. छाया पडण्यासाठी ती व्यक्ती तेथे प्रत्यक्ष असावी लागते. म्हणून छायेची रेखा ही केवळ साम्याची नव्हे, तर एकेकाळच्या उपस्थितीची खूण असते. मात्र त्या खुणेस अर्थ यावयाचा, तर ती कोणाची हे जाणणारा कोणीतरी असावा लागतो. छायाकृतीचा इतिहास हा चित्रणतंत्राचा इतिहास आहे, तितकाच तो या दोन अटींचा, म्हणजे उपस्थितीचा व ओळखीचा, इतिहास आहे.

प्राचीन कल्पना : छाया हा मनुष्याच्या अस्तित्वाचाच एक भाग आहे, अशी समजूत अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. ईजिप्तमध्ये देह, नाम व आत्मतत्त्वे यांच्या जोडीला छाया हेही माणसाचे एक अंग मानले जाई आणि थडग्यांतील चित्रांत ते काळ्या मानवाकृतीच्या रूपाने दाखवीत. ग्रीकांच्या कल्पनेप्रमाणे मृत्यूनंतर माणूस पाताळात केवळ छायारूपाने उरतो. होमरच्या ओडिसी या महाकाव्यात ओडिस्यूस पाताळाच्या सीमेवर आपल्या मृत मातेला भेटतो. पुत्राच्या विरहानेच तिचा अंत झालेला असतो. तिला मिठी मारण्याचा तो तीनदा प्रयत्न करतो आणि तिन्ही वेळा ती स्वप्नासारखी, छायेसारखी त्याच्या हातांतून निसटते. छाया दिसते पण हाती लागत नाही, हा वियोगाचा अनुभव पुढील यूरोपीय वाङ्मयात पुनःपुन्हा आलेला आहे.

भारतीय परंपरेत छायेचा विचार निराळ्या अंगाने झालेला दिसतो. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात दमयंतीच्या स्वयंवरास इंद्रादी चार देव नलाचेच रूप घेऊन येतात. समोर पाच नल पाहून दमयंती गोंधळते. शेवटी तिच्या प्रार्थनेमुळे देवांची लक्षणे तिला दिसू लागतात. देवांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत आणि त्यांची छाया पडत नाही. ज्याची छाया भूमीवर पडलेली आहे तो नल, हे ओळखून ती त्यास वरते. छाया हे येथे मर्त्यपणाचे लक्षण आहे, आणि त्याच लक्षणावरून प्रिय व्यक्तीची ओळख पटते. पुराणांतील संज्ञेच्या कथेत छाया ही अनुपस्थित व्यक्तीची प्रतिनिधी होते. सूर्याचे तेज असह्य झाल्याने त्याची पत्नी संज्ञा आपल्यासारखीच छाया निर्माण करून तिला घरी ठेवते व स्वतः निघून जाते. पुष्कळ काळ हा बदल सूर्याच्या ध्यानात येत नाही; परंतु मुलांना मिळणाऱ्या वागणुकीतून तो शेवटी उघडकीस येतो. छाया आईसारखी दिसू शकते, आईची जागा घेऊ शकत नाही, असा या कथेचा अभिप्राय आहे.

बौद्ध परंपरेत नगरहार (सध्याच्या अफगाणिस्तानातील जलालाबादचा परिसर) येथील एका गुहेत गोपाल नावाच्या नागाच्या विनंतीवरून बुद्धाने आपली छाया ठेविली, अशी आख्यायिका होती. इ. स. ४०० च्या सुमारास तेथे गेलेल्या फाहियान या चिनी यात्रिकाने लिहून ठेविले आहे, की दहा-बारा पावलांवरून पाहिल्यास ती छाया प्रत्यक्ष बुद्धासारखी भासते, जवळ जावे तसतशी ती अंधूक होत जाते. राजांनी पाठविलेल्या चित्रकारांनाही तिची प्रतिकृती साधलेली नाही. सातव्या शतकात ह्युएनत्संगनेही या गुहेस भेट दिली. त्याच्या काळी छाया सर्वांस दिसत नसे. निष्ठेने प्रार्थना करणाऱ्यासच ती क्षणभर दिसे, अशी समजूत होती. या गुहेच्या वार्तेवरून चीनमधील लू पर्वतावर ह्वै-युआन या भिक्षूने ४१२ मध्ये बुद्धछायेचे चित्र करवून घेतले.

चीनमधीलच आणखी एक कथा हान घराण्यातील सम्राट वू (कार. इ. स. पू. १४१–८७) याच्याविषयी आहे. त्याची लाडकी राणी ली ही मृत्यू पावल्यावर त्याला चैन पडेना. तेव्हा शाओ-वंग नावाच्या मांत्रिकाने रात्री दिवे लावून व पडदे टांगून त्यांआड तिच्यासारखी आकृती दाखविली. सम्राटास दूर दुसऱ्या पडद्यामागे बसविण्यात आले होते. जवळ जाण्याची त्यास अनुमती नव्हती. आकृती पाहून त्याचे दुःख शमण्याऐवजी अधिकच वाढले, असे जुन्या इतिहासग्रंथात म्हटले आहे. पुढील काळात छायाबाहुल्यांच्या खेळाचा उगम या प्रसंगात आहे असे चीनमध्ये मानले जाऊ लागले. ऐतिहासिक दृष्ट्या हा संबंध सिद्ध होत नाही. तथापि एका लोककलेने आपला जन्म एका शोकाकुल माणसाच्या समजुतीशी जोडून घ्यावा, हे लक्षणीय आहे. [⟶ बाहुली नाट्य]. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे. त्याचा विषय मात्र प्राधान्याने रामकथा हा असतो.

कॉरिंथच्या कन्येची कथा : चित्रकलेचा उगम छायेत आहे, ही समजूत पाश्चात्त्य जगात रूढ झाली ती थोरल्या प्लिनीच्या (२३–७९) सृष्टिज्ञानविषयक ग्रंथामुळे. या ग्रंथाच्या ३५ व्या भागात त्याने म्हटले आहे, की चित्रकलेच्या जन्मस्थानाविषयी मतभेद असले, तरी मनुष्याच्या छायेभोवती रेषा काढण्यापासून तिचा आरंभ झाला, हे सर्वांस मान्य आहे. याच भागात मृत्तिकाशिल्पाचा उगम सांगताना त्याने पुढील कथा दिली आहे : सिसिऑनचा ब्यूटाडीझ हा कुंभार कॉरिंथ येथे राहत असे. त्याच्या कन्येचे एका तरुणावर प्रेम होते. तो परदेशी जावयास निघाला, तेव्हा दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या त्याच्या मुखाच्या छायेभोवती तिने रेषा काढून ठेविली. पित्याने त्या रेषेत ओली माती दाबून भरली, उठावाची आकृती तयार केली व ती इतर भांड्यांबरोबर भट्टीत भाजली. रोमन सेनानी मम्मियस याने इ. स. पू. १४६ मध्ये कॉरिंथचा विध्वंस केला. तोपर्यंत ही आकृती तेथील अप्सरांच्या मंदिरात जतन केलेली होती, असे प्लिनी सांगतो.

कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नसली, तरी तिच्यातील तपशील अर्थपूर्ण आहेत. कन्येने रेषा काढली ती तरुण निघून गेल्यावर नव्हे, तो समोर असताना. वियोग अजून घडावयाचा आहे. त्याच्या तयारीचे हे कृत्य आहे. तरुण परत आला किंवा नाही, याविषयी प्लिनी काहीच सांगत नाही. शिवाय त्याने पित्याचे नाव दिले आहे, कन्येचे व तरुणाचे दिलेले नाही. नंतरच्या लेखकांनी पित्याच्या नावावरून तिला ‘डिब्यूटाड’ असे संबोधिले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय यूरोपीय चित्रकारांना विशेष प्रिय झाला. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड ॲलन (१७७५), इंग्लंडमधील जोसेफ राइट (१७८२–८४) व फ्रान्समध्ये काम करणारा झोझेफ-बन्वा स्यूव्हे (१७९१) यांची या विषयावरील चित्रे प्रसिद्ध आहेत. राइटच्या चित्रात तरुण भिंतीशी टेकून झोपी गेला आहे आणि कन्या झोपेतल्या त्याच्या छायेवर हळुवारपणे शलाका फिरवीत आहे. हे चित्र जोसाया वेजवुड (१७३०–९५) या सुविख्यात मृत्पात्रनिर्मात्याने करवून घेतले होते. आपल्या व्यवसायाचे मूळ एका कुंभाराच्या घरातील स्नेहात दाखविणारी कथा त्यास जवळची वाटली असल्यास नवल नाही.

नाव व प्रसार : ज्या काळात ही चित्रे रंगविली जात होती, त्याच काळात छायाकृती घराघरांत पोहोचली. एत्येन द सिल्युएट (१७०९–६७) हा मार्च ते नोव्हेंबर १७५९ या अल्पकाळात फ्रान्सचा अर्थमंत्री होता. सप्तवार्षिक युद्धामुळे खजिना रिता झालेला होता. त्याने श्रीमंतांवर कर बसविण्याचा व काटकसर लादण्याचा प्रयत्न केल्याने लोक त्याची टवाळी करू लागले व जे जे स्वस्त आणि अपुरे, त्यास त्याचे नाव चिकटले. रंग व तपशील यांना फाटा देणारे छायाचित्र हे त्यांपैकीच एक होय. थट्टेने पडलेले हे नाव टिकून राहिले. इंग्लंडमध्ये अशा चित्रांस प्रारंभी ‘छाया’ या अर्थाचाच शब्द वापरीत.

स्वस्तपणा हा दोष म्हणून सांगितला गेला, तरी सामाजिक दृष्ट्या तोच छायाकृतीचा सर्वांत मोठा गुण ठरला. तैलरंगातील व्यक्तिचित्र किंवा हस्तिदंतावरील लघुचित्र करवून घेणे केवळ सधनांनाच परवडे. शिक्षक, दुकानदार, कारागीर, खलाशी यांच्या घरांत मृत आईबापांचे रूप सांगणारी एकही वस्तू नसे. छायाकृतीमुळे काही मिनिटांत व थोड्या पैशांत माणसाची खूण मागे राहू लागली. लंडनमधील जॉन मायर्स (१७५६–१८२१) हा पांढऱ्या लेपाच्या फलकावर काजळीने अत्यंत नाजूक छायाकृती रंगवी. तो मूळ रेखाटने जपून ठेवी व ग्राहकास पुढेही प्रती मिळण्याची सोय असे. दिवंगताची छायाकृती त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा मागविता येणे, हे या सोयीचे महत्त्व होते. अंगठी किंवा पदक यांत बसविण्याजोग्या लहान छायाकृतीही त्याच्या कार्यशाळेत तयार होत.

जर्मन भाषिक प्रदेशात छायाकृतीस तात्त्विक प्रतिष्ठा मिळाली. झुरिक येथील धर्मोपदेशक योहान कास्पर लाव्हाटर (१७४१–१८०१) याने १७७५–७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुखसामुद्रिकविषयक ग्रंथात छायाकृतीवरून माणसाचा स्वभाव वाचता येतो असे प्रतिपादन केले. छायाकृती हे सर्वांत दुबळे व रिकामे, परंतु सर्वांत खरे चित्र आहे, असा त्याचा अभिप्राय होता. त्यासाठी त्याने एक खास खुर्चीही वर्णिली आहे : खुर्चीच्या बाजूस उभ्या चौकटीत तेल लावलेला पातळ कागद बसविलेला असे, पलीकडे मेणबत्ती ठेवून बसलेल्याच्या मुखाची छाया कागदावर पाडीत व चित्रकार मागील बाजूने ती गिरवी. त्याचे मुखसामुद्रिक पुढे शास्त्रीय कसोटीस उतरले नाही. मात्र त्यामुळे मित्रमंडळींत छायाकृतींची देवघेव करण्याची प्रथा फोफावली. गटे (१७४९–१८३२) या प्रथेचा उत्साही अनुयायी होता. शार्लट फोन श्टाइन हिला भेटण्यापूर्वी १७७५ मध्ये त्याने तिची केवळ छायाकृती पाहिली होती. त्याच्या वेर्थर (१७७४) या कादंबरीतील नायकास आपल्या प्रियेचे व्यक्तिचित्र काही केल्या साधत नाही. अखेर तो तिची छायाकृती काढून तेवढ्यावर समाधान मानतो आणि मरणापूर्वी ती तिलाच परत देऊन जातो. पूर्ण चित्रात न मावणारे माणूस रेषेत मावते, हा अनुभव या प्रसंगात नेमका व्यक्त झाला आहे.

तंत्र व यंत्रे : छायाकृती तयार करण्याच्या मुख्यतः तीन पद्धती होत्या : छाया गिरवून ती शाईने वा काजळीने भरणे, काळा कागद कातरून पांढऱ्यावर चिकटविणे, आणि पांढऱ्या कागदाच्या मधोमध मुखाचा आकार कापून काढून उरलेल्या पोकळीमागे काळा कागद लावणे. पूर्णाकार छाया लहान करण्यासाठी पँटोग्राफ हे उपकरण वापरीत. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील चार्ल्स विल्सन पील (१७४१–१८२७) याच्या संग्रहालयात १८०२ मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्सचे मुखरेखनयंत्र बसविण्यात आले. या यंत्राची पट्टी मुखावरून फिरविली, की त्याची लघुरेखा कागदावर उमटे. पीलच्या घरी गुलाम म्हणून वाढलेला व सुमारे याच वेळी मुक्त झालेला मोझेस विल्यम्स हा कातरकाम करी. १८०३ या एका वर्षात तेथे आठ हजारांहून अधिक छायाकृती तयार झाल्या. कागदाच्या दोन घड्या घालून कापल्याने एकाच वेळी चार प्रती निघत. त्या कुटुंबात वाटून घेता येत. आतील कापलेला तुकडा टाकून देत आणि भोक पडलेला कागद ग्राहक घरी नेई. प्रिय व्यक्तीचे चित्र म्हणून जे जपले जाई, ते वस्तुतः तिच्या आकाराची रिकामी जागा असे.

हेच साधन स्नेहाखेरीज इतर हेतूंसाठीही वापरले गेले. कनेक्टिकट राज्यात १७९६ मध्ये फ्लोरा या १९ वर्षांच्या गुलाम स्त्रीच्या विक्रीचे खत झाले. त्या खताबरोबर तिची छायाकृती जतन झाली आहे. येथे छाया आठवणीसाठी नाही. मालकी सांगणाऱ्या कागदाची ती सोबतीण आहे. ही स्त्री कोणाची मुलगी किंवा बहीण होती, हे खत सांगत नाही. तरीही तिचे मुख आज पाहावयास मिळते ते या एका छायेमुळेच.

ऑग्यूस्त एडुआर : या कलेतील सर्वांत कुशल व सर्वांत दुर्दैवी कारागीर म्हणून ऑग्यूस्त एडुआर (१७८९–१८६१) याचा उल्लेख करावा लागेल. मूळचा फ्रेंच असलेला एडुआर १८१४ मध्ये इंग्लंडला आला. प्रथम भाषाशिक्षक व नंतर केसांपासून चित्रे बनविणारा कारागीर म्हणून त्याने उपजीविका केली. १८२५ मध्ये एका परिचित कुटुंबात यंत्राने काढलेल्या छायाकृती त्याला दाखविण्यात आल्या. त्याने त्यांना नावे ठेवताच यापेक्षा चांगली करून दाखव असे आव्हान मिळाले. त्याने कात्री उचलली आणि केवळ नजरेच्या साहाय्याने छायाकृती कातरून दाखविली. तेव्हापासून हाच त्याचा व्यवसाय झाला. तो बहुधा पूर्णाकृती कातरी. ‘सिल्युएट’ हा शब्द इंग्लंडमध्ये रूढ करण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. १८३९ ते १८४९ या काळात तो अमेरिकेतील शहरांतून हिंडला.

एडुआरचे वैशिष्ट्य केवळ हस्तकौशल्यात नव्हते. तो कागद दुमडून कातरी. एक प्रत ग्राहकास देई व दुसरी स्वतःच्या संग्रहवहीत चिकटवून तिच्याखाली व्यक्तीचे नाव, स्थळ व दिनांक नोंदवी. अशा हजारो छायाकृती त्याच्याजवळ जमल्या. छायेस नाव नसेल, तर दोन पिढ्यांत ती कोणाचीच राहत नाही, हे त्याने ओळखले होते. डिसेंबर १८४९ मध्ये यूरोपला परतताना त्याचे ‘ओनीडा’ हे जहाज गर्न्सी बेटाजवळ फुटले. तो वाचला, पण त्याच्या बहुतेक वह्या समुद्रात नष्ट झाल्या. ज्या कुटुंबाने त्याला आश्रय दिला, त्यास उरलेल्या वह्या देऊन तो फ्रान्सला गेला. नंतर या व्यवसायाकडे तो फारसा वळला नाही. उरलेल्या वह्या विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशात आल्या. त्यांतील नोंदींमुळे असंख्य सामान्य माणसांची ओळख पटविता आली. याउलट नाव नसलेल्या छायाकृतींची स्थिती काय होते, याचे उदाहरण जेन ऑस्टेन या कादंबरीलेखिकेचे आहे. तिच्या एका कादंबरीच्या जुन्या प्रतीत चिकटविलेली एक छायाकृती लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहालयात आहे. तिच्याबरोबर ‘प्रिय जेन’ अशा आशयाची फ्रेंच अक्षरे आहेत; परंतु ती जेन हीच, हे केवळ अनुमानाने मानले जाते.

शोकचिन्हे : छायाकृतीचा शोकाशी असलेला संबंध फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काही मुद्रितचित्रांत विशेष स्पष्ट होतो. सोळावा लुई व राणी मारी आंत्वानेत यांना १७९३ मध्ये देहान्त शासन झाल्यावर त्यांच्याविषयी उघडपणे शोक व्यक्त करणे धोक्याचे होते. तेव्हा अस्थिकलश व त्यावर झुकलेला वृक्ष अशी वरवर साधी दिसणारी चित्रे छापली गेली. कलशाची कड व फांद्या यांमधील मोकळ्या जागेकडे निरखून पाहिल्यास राजा, राणी व त्यांची मुले यांची पार्श्वमुखे तेथे दिसू लागतात. ज्यास ती मुखे माहीत आहेत, त्यालाच ती दिसत. वस्तूंच्या मधली रिकामी जागा हेच मृतांचे चित्र, ही कल्पना पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी वेगळ्या संदर्भात पुन्हा अवतरली.

छायाचित्रणाचा उदय : जोसाया वेजवुडने कॉरिंथच्या कन्येचे चित्र करवून घेतले, त्याचा पुत्र टॉमस वेजवुड (१७७१–१८०५) याने छाया रसायनाने पकडण्याचा प्रयत्न केला. सिल्व्हर नायट्रेटचा लेप दिलेल्या कागदावर प्रकाशाच्या साहाय्याने पार्श्वमुखे उमटविण्याच्या त्याच्या पद्धतीचे निवेदन हंफ्री डेव्हीने १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु उमटलेली आकृती स्थिर करण्याची युक्ती दोघांनाही सापडली नाही. ती मेणबत्तीच्या मंद उजेडात पाहावी लागे. दिवसाच्या प्रकाशात आणल्यास सर्वच कागद काळा पडून छाया नाहीशी होई. विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट (१८००–७७) याने ही अडचण दूर केली व जानेवारी १८३९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात छाया स्थिर करण्याची कला असाच तिचा निर्देश केला. छायाचित्र या मराठी शब्दातही हीच कल्पना आहे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. [⟶ छायाचित्रण].

छायाचित्रणाने डोळे, सुरकुत्या व हास्य यांसह माणूस जतन होऊ लागल्याने छायाकृतीचा व्यवसाय दोन-तीन दशकांत मागे पडला. जुना शब्द मात्र टिकला : छायाचित्राला बराच काळ ‘छाया’च म्हटले जाई. पूर्वी गुलाम असलेली अमेरिकन समाजसुधारक सोजर्नर ट्रूथ (सु. १७९७–१८८३) ही १८६४ पासून स्वतःची छायाचित्रे विकून आपल्या कार्यासाठी पैसा उभारी. देह जगविण्यासाठी आपण छाया विकतो, अशा अर्थाचे वाक्य ती त्यांवर छापीत असे. फ्लोराची छाया तिच्या देहाच्या विक्रीबरोबर कागदोपत्री राहिली. सोजर्नर ट्रूथ आपल्या छायेची स्वामिनी झाली.

विसावे शतक : छायाकृतीचा धंदा संपला, पण स्मृतीचे साधन म्हणून तिचे सर्वांत गंभीर उपयोग यानंतरच झाले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी हीरोशीमावर अणुबाँब टाकण्यात आला. स्फोटकेंद्राखालील बिंदूपासून सुमारे २६० मी. अंतरावर एका बँकेच्या दगडी पायऱ्यांवर कोणी व्यक्ती, बहुधा बँक उघडण्याची वाट पाहत, बसलेली होती. प्रखर उष्णतेने भोवतालचा दगड पांढरट झाला. ती व्यक्ती बसली होती तेवढाच भाग गडद राहिला. तो दगड १९७१ मध्ये कापून काढून शांतता स्मारक संग्रहालयात ठेवण्यात आला. कॉरिंथच्या कथेत प्रेमाने जे घडविले, ते येथे संहाराने घडले. मात्र उरलेल्या खुणेकडे पाहण्याची माणसांची रीत बदलली नाही. ती आपल्याच आप्ताची छाया असावी, असे एकाहून अधिक कुटुंबांस वाटत आले. ज्यांच्या प्रियजनांचा देह मिळाला नाही, त्यांना हा काळा डाग समाधीच्या जागी होता.

दुसरे उदाहरण आर्जेंटिनाचे. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो नागरिकांस पळवून नेण्यात आले व त्यांचा मागमूस उरला नाही. राष्ट्रीय चौकशी आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० प्रकरणांची नोंद केली; मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० धरतात. त्यांच्या माता ३० एप्रिल १९७७ पासून ब्युनोस आयर्सच्या ‘प्लाझा दे मायो’ या चौकात जमू लागल्या. २१ सप्टेंबर १९८३ रोजी, राजवट अजून सत्तेवर असतानाच, रोडोल्फो आगेरेबेरी, हूल्यो फ्लोरेस व गियेर्मो केक्सेल या तीन कलावंतांच्या कल्पनेवरून व मातांच्या सहकार्याने तेथे पूर्णाकार छायाकृती तयार करण्याचा उपक्रम झाला. चौकात कागद अंथरले गेले. जमलेल्या लोकांपैकी कोणीही कागदावर आडवे व्हावे आणि इतरांनी त्याच्या देहाभोवती रेषा काढावी, अशी पद्धत होती. हयात माणसे नाहीशा झालेल्यांना आपला देह उसना देत होती. गर्भवती स्त्रिया व बालके यांच्याही आकृती काढण्यात आल्या.

दोन गोष्टी येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. या आकृती जमिनीवर न ठेवता भिंतींवर, झाडांवर उभ्या लावण्यात आल्या. कारण जमिनीवरील आकृती प्रेतांच्या वाटल्या असत्या आणि माता तर आपली मुले जिवंत परत द्या अशी मागणी करीत होत्या. दुसरे असे, की सर्व आकृती निनावी ठेवावयाच्या असे मूळ योजनेत होते. परंतु काम चालू असता लोकांनी आपण होऊन त्यांवर नावे व नाहीसे झाल्याचे दिनांक लिहिण्यास सुरुवात केली. एडुआर आपल्या वह्यांत जे लिहीत असे, नेमके तेच. निनावी आकृती सर्वांची असते; पण आईला ती सर्वांची नको होती.

यानंतर अशी स्मारके अनेक देशांत झाली. चिलीमध्ये सांतियागो येथील स्मृती व मानवी हक्क संग्रहालयात आल्फ्रेदो हार या कलावंताने २०१० मध्ये एक भूमिगत दालन रचले. तेथे राजवटीचे बळी व आज हयात असलेली माणसे या दोहोंच्या छायाकृती एकत्र उजळतात. दिवे मालवल्यावरही त्यांचे प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर तरंगत राहते. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीस शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा २०१८ मध्ये गावोगावच्या चर्चमधील बाकांवर मृत सैनिकांच्या पारदर्शक छायाकृती बसविण्यात आल्या. जो जेथे बसत असे तेथील जागा रिकामी आहे, एवढेच त्या सांगत होत्या.

कॉरिंथच्या भिंतीपासून ब्युनोस आयर्सच्या चौकापर्यंत तंत्रे बदलत गेली, अट मात्र एकच राहिली. सर्व तपशील दाखविणारी चित्रे आज विपुल आहेत आणि ती अनोळखी माणसालाही पुष्कळ काही सांगतात. छायाकृती अनोळखी माणसाला जवळजवळ काहीच सांगत नाही. ती पाहणाऱ्याकडून आठवणीची अपेक्षा करते. आठवण असेल तरच ती पूर्ण होते. म्हणून जुन्या घरातील पेटीत एखादी छायाकृती किंवा फिकटलेले छायाचित्र सापडले, तर ती व्यक्ती कोण हे सांगणारे कोणी हयात असेपर्यंत त्यामागे नाव लिहून ठेवणे हे तिच्या जतनाचे पहिले काम होय. रेषा भिंत राखू शकते. नाव माणसांनाच राखावे लागते.